पाच घरांचा शब्द

बेडफर्ड
४ ऑक्टोबर १९७८

श्री. थ्रिंग यांस,

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. येत्या २८ तारखेला, शनिवारी, वाचनालयाच्या सभागृहात माझे वडील व्यासपीठावर चढतील, तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत धरतील आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणतील, "मास्तर, ही भाषा मला तुम्ही दिलीत." त्या वेळी मी टाळ्या वाजवायच्या की नाही?

उत्तर सुचलं तर कळवा. शाळेत तुम्हाला सगळ्याची उत्तरं यायची.

वर 'आदरणीय सर' लिहिलं नाही, ते मुद्दाम. बारा वर्षं लिहिलं, पुरे झालं.

निमंत्रण सोमवारी आलं. जाड कागद, सोनेरी कडा. 'विलो यांची शंभर शब्दकोडी' या पुस्तकाचं प्रकाशन, आणि आजवरच्या बक्षीसविजेत्यांचा विलो यांच्या हस्ते सत्कार. पपांनी ते कार्ड घड्याळाला टेकवून ठेवलं आहे. शेजारचे साबातीनो काका दोनदा येऊन पाहून गेले. म्हणाले, "काय रे नुन्झियो, राणीनं बोलावलंय का? मग दाढी तरी नीट कर." पपा म्हणाले, "राणी काय, कोणालाही बोलावते. हे विलोनं बोलावलंय."

पुस्तकाची तुमची प्रस्तावना मी वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या अंकात वाचली. 'गावातल्या इटालियन मित्रांनी अधूनमधून एखादा शब्द सुचवला, त्यांचाही मी ऋणी आहे.' अधूनमधून एखादा शब्द! त्या शंभरांतली त्रेसष्ट कोडी मी रचली आहेत. जाळी माझी, आडवे शब्द माझे, उभे माझे, सूत्रं माझी. खालची 'विलो' ही दोन अक्षरं तेवढी तुमची.

तुम्ही विसरला असाल म्हणून सांगते. मार्च १९७६. तुमच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. मी नुकतीच पदवी घेऊन परत आले होते आणि तुम्ही म्हणालात, "एर्मिनिया, डोळे बरे होईपर्यंत हात लाव. नाव विलोचंच राहील. टोपणनावामागे कोण आहे हे घरातसुद्धा सांगायचं नसतं, ही आपल्यातली रीत आहे." मी ते व्रतासारखं पाळलं. आईला वाटतं मी रविवारी दुपारी शाळेच्या वह्या तपासते.

डोळे कधीच बरे झाले. या उन्हाळ्यात तुम्ही क्रिकेटच्या सामन्यात पंच म्हणून उभे होता. चेंडू दिसतो, आणि कोड्याच्या कागदावरचं अक्षर दुसऱ्याचं आहे हे दिसत नाही?

माझं मागणं साधं आहे. २० तारखेच्या आत संपादक हॅडो यांना खरं काय ते सांगा. पैसे नकोत, सत्कार नको. पुस्तकावर दोन नावं हवीत. तुम्हीच शिकवलंत की कोड्यात रचणारा आणि सोडवणारा बरोबरीचे असतात. लागेल ते सगळं कागदावर असतं, कुणाच्या ओळखीपाळखीची गरज नसते. ठाऊक नसलेला शब्दसुद्धा आडव्या-उभ्याच्या अक्षरांवरून हाती आला पाहिजे, नाहीतर ते कोडं नव्हे, खिसा कापणं आहे. हे तुमचे शब्द. चौदा वर्षांची होते मी. वीटभट्टीवर काम करणाऱ्याच्या मुलीला असं काही ऐकलं की काय वाटतं, ते तुम्हाला कळणार नाही.

एर्मिनिया पेत्रेल्ला


१२ ऑक्टोबर १९७८

श्री. थ्रिंग,

तुमचं उत्तर मिळालं. 'तुझा राग वाचून तुझे जुने निबंध आठवले. विशेषणं तेव्हाही जरा जास्तच असायची.' बरं. या पत्रात विशेषणं घालत नाही.

तुम्ही लिहिता: 'रचणाऱ्याच्या घरच्यांनी बक्षिसासाठी उत्तर पाठवायचं नसतं. तू रचणारी असशील, तर तुझे वडील लबाड ठरतात. तू नसशील, तर ते विजेते आहेत. दोन्ही एकदम होणार नाही. निवड तुझी.'

हे वाक्य तुम्ही किती वेळा खोडून लिहिलंत? छान जमलंय. कोड्याचं सूत्र म्हणून खपेल.

माझ्या वडिलांना लबाड म्हणण्याआधी ते काय करतात ते ऐका. तुम्ही आमच्या घरी कधी आला नाहीत. शाळेपासून चालत अकरा मिनिटं लागतात.

मी शाळेत असताना तुमचं कोडं घरी आणायचे. पपा तेव्हा भट्टीवरून आले की घमेल्यातल्या पाण्यात पाय सोडून बसायचे. इंग्रजी त्यांना मुकादमापुरतंच येई: हो, नाही, अजून, लवकर. एकदा मी वाचलं, "नेपल्समधले सहा, तीन घरं." ते पायाचं पाणी सांडत उठले. "सेई! सेई! हे मला येतं!" मी लिहायला गेले तर पेन्सिल हिसकावून घेतली. स्वतः लिहिलं. त्या एका शब्दातल्या 'ई'वरून खालचा इंग्रजी शब्द आम्ही शोधला. पुढच्या शुक्रवारी 'ट्यूरिनमधला एक तास' आला. मग आठ, मग चुंबन, मग मीठ. आधी ते सगळे इटालियन शब्द भरायचे आणि त्यांचा आधार धरून एकेक इंग्रजी शब्द ओढून काढायचे. शब्द सापडला की आठवडाभर वापरायचे. एकदा मुकादमाला म्हणाले, "साहेब, तुमचं म्हणणं संदिग्ध आहे." भट्टीवर आठ दिवस हशा होता.

माझा बाप असा इंग्रजी शिकला. दर बुधवारी वर्तमानपत्राच्या कचेरीत पाकिटं उघडतात आणि पहिलं अचूक उत्तर निघेल त्याचं नाव छापतात, म्हणून दर शनिवारी पाकीट टाकत आला. सात वर्षं नाव आलं नाही. कधी तक्रार नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात आलं: 'श्री. एन. पेत्रेल्ला.' बक्षिसाचा तो जाडजूड शब्दकोश त्यांनी स्वतः जाऊन आणला, बसमध्ये मांडीवर ठेवून. विलो मीच आहे हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. मग लबाडी कुठे आली?

आणि त्या मे महिन्यातल्या कोड्याच्या 'मादिया' या शब्दावर तुम्ही बोट ठेवलं आहे. 'त्या आठवड्यात अचूक उत्तरं तीनच आली होती, आणि त्यातलं एक तुझ्या घरचं. हॅडोला तो कागद पुन्हा पाहायला आवडेल.' पाहू द्या. मादिया हा पाच घरांचा साधा इटालियन शब्द आहे. घरात पीठ मळायची लाकडी पेटी. पाचही अक्षरं आडव्या-उभ्यातून हाती लागत होती. त्या कोड्यात काही वावगं नाही.

तुम्हाला ते कोडं खटकलं असतं तर छापण्याआधी खटकायला हवं होतं. तुम्ही न वाचता सही केलीत.

जाता जाता वाईनबद्दल. चार नाताळ झाले, पपा विलोसाठी घरच्या वाईनची एक बाटली देतात, आणि कचेरीत कशाला, सर त्याला ओळखत असतील, असं म्हणून मी ती तुमच्याकडे पोचवते. अंगणातल्या पिंपात द्राक्षं स्वतः तुडवतात. बाटलीवर पेन्सिलनं साल लिहितात. पहिल्या वर्षी तुम्ही संगीताच्या बाईंसमोर बाटली उजेडात धरून म्हणालात, "ही प्यायची, की हिनं चांदी घासायची?" बाई हसल्या.

मीही हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, कळत नाही.

मुदत २० तारीखच आहे.

ए. पेत्रेल्ला


२० ऑक्टोबर १९७८

थ्रिंग,

मुदत आज संपली. तुम्ही गप्प बसणार हे मला ठाऊक होतं. शाळेतही कुणी चुकीचं उत्तर दिलं की तुम्ही असेच गप्प बसायचात, त्यानं स्वतःच रडावं म्हणून.

मी रडत नाही. पण मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, ते दुरुस्त करते.

मादियाची पाचही अक्षरं हाती लागत नव्हती. दोनच लागत होती, दुसरं आणि चौथं. उरलेली तीन घरं उघडी होती. ज्याच्या आजीनं त्या पेटीत कोपरापर्यंत हात घातले असतील, त्यालाच ती भरता आली असती. चुकून झालं असंही म्हणता यायचं नाही. जाळी मी तीनदा बदलली. आधीच्या मांडणीत चार अक्षरं मिळत होती. ती मी फाडली.

सात वर्षं तो माणूस दर शनिवारी पाकीट टाकायला जायचा. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर साबातीनो काका विचारायचे, "काय नुन्झियो, तुझ्या मास्तरनं यंदा तरी ओळख दिली का?" पपा म्हणायचे, "देईल. माणूस सरळ आहे." मला ते ऐकवत नव्हतं. मला वाटलं, एकदाच. एका आठवड्यापुरती दारं बाकीच्यांना बंद करायची आणि एक दार ठेवायचं.

म्हणजे ज्या कामासाठी तुमचा राग येतो, तेच काम मीही केलं. फरक एवढाच की तुम्ही स्वतःसाठी केलंत. हा फरक मोठा आहे असं मी स्वतःला दीड वर्ष सांगत आले. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हा मला इतका राग का आला, ते आता कळतं. बोट बरोबर जागी पडलं होतं.

तुम्हाला याचा आनंद झाला असेल. होऊ द्या, पण पत्र पुढे वाचा.

पपांनी सूट बाहेर काढला आहे. लग्नातला नाही, तो आता होत नाही. मी पदवी घेतली तेव्हा शिवलेला, काळपट निळा. आईनं दोनदा इस्त्री केली. ते रोज संध्याकाळी आरशासमोर उभे राहून भाषणाचा सराव करतात. काल मला म्हणाले, "एर्मी, हा विलो आपल्याकडे राहून आलेला असणार बघ. लढाईत कैदी असेल. पळाला असेल, आणि आपल्या मोलिझेतल्या एखाद्या म्हातारीनं त्याला घरात लपवून पीठ-मीठ घातलं असेल. नाहीतर इंग्रजाला मादिया कुठून कळणार? मी त्याला विचारणार आहे, कुठल्या गावात होतास."

आई म्हणाली, "व्यासपीठावर असं विचारतात का?"

"मग कुठे विचारू? तो काय माझ्या घरी येतोय?"

शनिवारी ते तुम्हाला हा प्रश्न विचारतील, सगळ्यांसमोर, आणि तुम्ही हसून काहीतरी ठोकून द्याल. एखादं गावही सांगाल. तुम्हाला ते जमतं. आणि माझा बाप मरेपर्यंत त्या गावाचं नाव चर्चच्या पायऱ्यांवर सांगत राहील.

ते मी होऊ देणार नाही. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

एर्मिनिया


२५ ऑक्टोबर १९७८

थ्रिंग,

हे शेवटचं पत्र. उत्तर पाठवू नका.

रविवारी जेवणं झाल्यावर मी माझी त्रेसष्ट कोड्यांची मूळ पानं टेबलावर ठेवली. आई ताटं उचलत होती, तिला थांबवलं. पपांनी चष्मा लावला. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. खाडाखोड पाहिली. माझं अक्षर त्यांना कुठेही ओळखता येतं. माझ्या पहिलीपासूनच्या वह्या त्यांच्याकडे आहेत.

"हे काय?"

"कोडी. विलोची."

"तुझ्याकडे कशी?"

"मी रचली आहेत, पपा. अडीच वर्षं. थ्रिंग सर फक्त सही करतात."

ते पुन्हा पहिल्या पानावर आले. मग हसायला लागले. आईनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. "फियोरिना," ते आईला म्हणाले, "मास्तर आपल्याच घरात जेवतोय, आणि मी दर नाताळला त्याला बाटली पाठवतोय! आणि पोरगी मुकाट्यानं पोचवून येतेय! फुकटचा टपालवाला!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं, सुटले मी.

मग पानं उलटता उलटता त्यांना गेल्या वर्षीच्या मे महिन्याचं पान सापडलं. त्यावर बोट ठेवून बसले.

"ही मादिया," ते म्हणाले, "माझ्यासाठी होती?"

"हो."

"दुसऱ्या कुणाला येण्याजोगी नव्हती."

"नव्हती."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्यांनी चष्मा काढला. "मग मी जिंकलो नाही. तू माझ्या ताटात वाढलंस. मी काय आजारी होतो, एर्मी? माझे हात मोडले होते?"

"सात वर्षं तुमचं नाव येत नव्हतं, पपा."

"नव्हतं येत, तर नव्हतं येत! आठव्या वर्षी आलं असतं. विसाव्या वर्षी आलं असतं. नाहीच आलं असतं, तर मेलो असतो तसाच. तुझं काय जात होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "भट्टीवर कच्ची वीट कुणी पक्क्यांत दडपून रचली, तर मी काय करायचो?"

"काढायला लावायचात."

"कुणाला?"

"ज्यानं रचली त्याला."

"मग?"

तुम्ही मला लिहिलं होतं, दोन्ही एकदम होणार नाही. मी रचणारी, की ते विजेते. पंधरा दिवस मी त्या वाक्याभोवती फिरत होते. पपांना त्यातून वाट काढायला एक मिनिटही लागलं नाही. त्यांना ती निवड वाटलीच नाही.

मी म्हटलं, एकटी जाते. ते म्हणाले, "बक्षीस माझ्या नावावर आहे, तू कशी परत करशील?" सोमवारी त्यांनी मंगळवारची सुटी मागून घेतली. मंगळवारी सकाळी दाढी केली आणि तो निळा सूट घातला. आई म्हणाली, "शनिवारसाठी राहू दे." ते म्हणाले, "शनिवारी काही काम उरणार नाही."

हॅडो यांच्यासमोर मी त्रेसष्ट पानं ठेवली, तारखांसकट. सोबत माझं पत्र. त्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत: पहिली, ही कोडी माझी आहेत, दुसरी, त्यांतलं एक मी मुद्दाम अन्यायाचं रचलं, आणि त्यासाठी बक्षिसाची कोडी पुन्हा माझ्याकडे देऊ नयेत. पहिली गोष्ट वाचताना ते खुर्चीत सरळ झाले. दुसरी वाचून माझ्याकडे बघत राहिले. "हे दुसरं सांगायची तुम्हाला गरज नव्हती, मिस पेत्रेल्ला. कुणी विचारलं नव्हतं."

"थ्रिंगनी विचारलं होतं," मी म्हटलं.

मग पपांनी पिशवीतून शब्दकोश काढून टेबलावर ठेवला. हॅडो यांनी पानं चाळली. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलची टिपणं. शब्द, त्यासमोर आमच्या गावच्या बोलीतला शब्द, कुठे छोटंसं चित्र. चाळता चाळता म्हणाले, "पण श्री. पेत्रेल्ला, हा वापरलेला आहे."

"हो," पपा त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. "वापरला. खूप."

"राहू द्या तुमच्याकडे. माझी विनंती समजा."

"नाही. यादीतलं नाव खोडा. मग मी दुसरा विकत घेईन. तो माझा असेल."

परवाच्या अंकात दोन ओळी येतील: एक तुमच्याबद्दल, एक आमच्याबद्दल. शनिवारचा समारंभ पुढे ढकलला आहे, हे तुम्हाला हॅडो यांच्याकडून कळलंच असेल. पुस्तकाचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. मी दोन नावं मागितली होती. तेव्हा मला वाटत होतं त्यातलं एक स्वच्छ आहे.

पपा माझ्याशी नीट बोलत नाहीत अजून. शुक्रवारचं कोडं सोडवतील, पण मी खोलीत असताना नाही, असं आईला सांगून ठेवलंय. ते मी भोगेन.

कचेरीतून परतताना पपांनी विचारलं, "तो राहतो कुठे?" मी तुमचं घर दाखवलं. तुम्ही नव्हता. मागच्या गल्लीतून तुमची बागेची खोली दिसते; तिचं दार सताड उघडं होतं. आत फुटक्या कुंड्यांमागे तीन बाटल्या, बूच न काढलेल्या, आणि पेन्सिलनं लिहिलेली सालं धुळीतूनही वाचता येत होती. चौथीत तुम्ही वाळू भरून ती दार मिटू नये म्हणून टेकवून ठेवली होती.

पपांनी ती उचलून हातात फिरवली. शिव्या देतील असं मला वाटलं. म्हणाले, "चव तरी बघायची होती."

वाळू तुमच्या पायरीवर ओतली आहे. चारही बाटल्या आम्ही घेऊन आलो.

एर्मिनिया पेत्रेल्ला